मोठ्या खोलीतला खेकडा

नागावात म्हात्र्यांच्या सगुणाबाईंकडे एखादी वस्तू हरवली की ती हरवलेली नसते. ती कुणीतरी नेलेली असते.

माडावरून नारळ पडला आणि आवाज आला नाही, तर हा पडला कसा याची चौकशी. आवाज आला, तर एका नारळाचा एवढा आवाज कसा याची चौकशी. लग्न होऊन रेवसकडून नागावात आल्या तेव्हा पहिल्याच सकाळी त्यांनी सासूला विचारलं होतं, "माझ्या पिशवीची गाठ कुणी सोडली?" सासूबाईंनी बिचाऱ्यांनी नव्या सुनेसाठी आत कुंकवाचा करंडा ठेवला होता. पुढं सासूबाई जिवंत होत्या तोवर त्यांनी सुनेच्या पिशवीला हात लावला नाही, म्हणतात.

त्यांचा तरी काय दोष? बाप मिठागरावर. उघड्यावर मिठाच्या राशी, राखणीला एक माणूस आणि टपलेले दहा. अशा जागी वाढलेली पोर माणसाच्या तोंडाकडं आधी बघत नाही, हाताकडं बघते. सगुणाबाईंना रामराम करायचा तर लोक हात मोकळे करून करतात.

साऱ्या जगावर असा डोळा ठेवणाऱ्या या बाईनं एका माणसावर मात्र कधी संशय घेतला नाही. तो माणूस म्हणजे नवरा, दयाराम. संशय घ्यायलासुद्धा माणसात काहीतरी लागतं. दयाराम सकाळी उठून वाडीतल्या माडांना पाणी सोडायचे, पडलेल्या सुपाऱ्या वेचायचे, संध्याकाळी समुद्रावर एक फेरी मारून यायचे. दुसरी भाकरी घ्यायची तर "घेऊ का गं?" असं विचारून घ्यायचे. बायको म्हणेल ती पूर्व, पोरगा म्हणेल ती पश्चिम. गावात त्यांचं भांडण कुणाशी झालं का, असं विचारलं तर लोक आधी "कोण दयाराम?" म्हणायचे.

आता गोष्ट नाताळातली.

नागावात नाताळ येतो तो गाड्यांतून येतो. गावात ख्रिस्ती घर नाही, पण डिसेंबर सरत आला की घराघराच्या ओटीवर प्लास्टिकचं झाड, झाडावर कापसाचा बर्फ आणि फाटकावर "रूम्स अव्हेलेबल". सगुणाबाईंच्या पोरानं, प्रणयनं, राहत्या घराचं होमस्टे केलं त्याला काही वर्षं झाली. सीझनमध्ये घरच्यांनी मागं सरकायचं ही तिथली रीत. पुढच्या तीन खोल्या पाहुण्यांच्या; घरची माणसं स्वयंपाकघरात, पडवीत, सुपारीच्या पोत्यांच्या आडोशाला. पश्चिमेच्या खिडकीची मोठी खोली सगळ्यांत आधी भरते. ती खोली दयारामांची. त्यातला शिसवी पलंगही त्यांचाच. सीझन लागला की दयाराम उशी काखेत मारून पडवीत यायचे, घडीच्या खाटेवर आडवे व्हायचे. कुणी सांगायचीही गरज नसे.

प्रणयला जुळी. प्राप्ती आणि विनेश, अडीच वर्षांची. दोघांना पाय फुटले तेव्हापासून घरात कुठली वस्तू कुठं असावी याचा नियम उरला नव्हता. चपला विहिरीजवळच्या दगडी ढोणीत, विळीचा पाट खाटेखाली, आजीचा चष्मा कोंबड्यांच्या खुराड्यात. पण त्यांचा एक मोठा गुण होता. ती कबूल करायची. "कुणी केलं?" विचारलं की दोघं एका सुरात, छाती काढून ओरडायची, "मी!" एकदा पाहुण्यांना हे फार गोड वाटलं, ते हसले, चॉकलेट दिलं. तेव्हापासून तर काय, गावात काहीही झालेलं असो, जुळी कबूल.

रात्री ती दोघं आजीच्या दोन बाजूंना झोपायची. एकाचा पाय तिच्या पोटावर, दुसरीची मूठ तिच्या पदरात. कूस बदलायची सोय नव्हती. सगुणाबाई रोज सकाळी पाठ धरून उठायच्या आणि म्हणायच्या, "ह्या दोघांनी माझी हाडं मोडली." आणि संध्याकाळी कुणी त्यांना आईकडं झोपवायचं म्हटलं की डोळे वटारायच्या.

तर नाताळचे पाहुणे आले. मोठ्या खोलीत बोरिवलीचं एक कुटुंब. प्रणयनं ओटीवर मोठ्या खोलीच्या दाराशीच झाड उभं केलं, शेंड्यावर चांदीच्या कागदाचा तारा लावला. सकाळी तारा गायब. सापडला ढोणीत, गाळात उलटा.

"कुणी केलं?" प्रणयनं विचारलं.

"मी!" दोन आवाज.

पाहुणे हसले. पण दुपारी मोठ्या खोलीच्या एसीचा रिमोट गेला आणि तो तांदळाच्या डब्यात निघाला. संध्याकाळी बोरिवलीचे साहेब अंगाला साबण लावून बसलेले, आणि बाहेर तांब्याचा बंब विझलेला. नुसता विझलेला नव्हे, निखाऱ्यांवर तांब्याभर पाणी ओतलेलं. जुळी शेजारीच प्लास्टिकचा मग घेऊन उभी. साहेब टॉवेलात बाहेर आले ते थंडीनं असे कुडकुडत होते, की नाताळचा खरा बर्फ त्या एकट्यालाच मिळाला म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी ते कुटुंब सामान उचलून शेजारच्या बायजाकडं गेलं. बायजाचंही होमस्टे. कुंपणापलीकडं.

सगुणाबाई ढोणीपाशी उभ्या राहून बराच वेळ झाडाच्या शेंड्याकडं बघत होत्या. हा तारा पोरांच्या हाताला लागेल कसा? प्रणय म्हणाला, खुर्ची होती तिथं. खुर्ची कुणी ठेवली? प्रणय म्हणाला, आई, खुर्ची ओटीवर असते. बरं, रिमोट गेला मोठ्या खोलीतला. गरम पाणी गेलं मोठ्या खोलीचं. बाकीच्या दोन खोल्यांत पुण्याची पोरं आणि डोंबिवलीची म्हातारी जोडी सुखानं मासे खात बसलेली, त्यांचं साधं टाचणीएवढं काही इकडंतिकडं झालं नव्हतं. अडीच वर्षांची पोरं खोली निवडून खोड्या करतात व्हय?

"कुणीतरी हाय," सगुणाबाई म्हणाल्या. "पोरांच्या आडून कुणीतरी करतंय."

"आई, तुला ना," प्रणय म्हणाला, "संशयाची सवयच लागलीय."

सून नेत्रा कणीक मळत होती. ती काही बोलली नाही. सगुणाबाईंना तेही खटकलं. माहेर पनवेलचं, जुळ्यांना घेऊन पनवेलला जाऊन राहावं, तिथं चांगला प्लेग्रुप आहे, असं ती दिवाळीतच म्हणाली होती. म्हणजे हिनंच? छे. नेत्राचे हात तर दिवसभर पिठात. पण पिठाचे हात धुता येतात. असं मनातल्या मनात चाललेलं. मग पाहुणे कुठं गेले हे आठवलं आणि सगळा संशय कुंपण ओलांडून पलीकडं गेला.

बायजा कपडे वाळत घालत होती.

"काय गं बायजे, घर भरलं म्हणतात तुझं."

"देवाची कृपा, वयनी."

"देवाची का कुणाची, ते बघायचं हाय."

बायजानं चादर झटकली, जरा जास्तच जोरात. "काय म्हणायचं ते सरळ म्हण. सकाळपासून कुंपणाला नाक लावून उभी हायस."

"माझ्या बंबात पाणी ओतलं कुणीतरी. आणि माझे पाहुणे तुझ्या पाटावर बसले."

"पाट कुठला आलाय! त्यांना झोपायला माझा पोरगा रिक्षात झोपला. घरात जागा असती तर मी तुझा साबणाचा साहेब घेतला असता? वीस वेळा विचारतो, पाणी गरम हाय का, पाणी गरम हाय का! वयनी, तुझे पाहुणे मी पळवले न्हाईत. तुझ्या नातवंडांनी हाकलले. सगळं गाव बोलतंय. परवा माझ्या कोंबडीला लाल टोपी घातली त्यांनी. कोंबडी दोन दिवस अंडं देईना."

"टोपी त्यांनीच घातली. पण तारा त्यांनी न्हाय काढला."

"कशावरून?"

सगुणाबाईंनी जुळ्यांना हाक मारली. दोघं मातीत लडबडलेली धावत आली. "बाळांनो, गेटवे ऑफ इंडिया कुणी पाडला?"

"मी!" विनेश म्हणाला.

"मी!" प्राप्ती म्हणाली आणि विनेशला ढकललं.

"बघितलंस?" सगुणाबाई बायजाला म्हणाल्या. "ह्यांच्या कबुलीवर कुणाला फाशी द्यायची व्हय?"

बायजा हसली. पण सगुणाबाईंनी तिचे हात बघितले ते बघितलेच. हात ओले होते. कपडे वाळत घालणाऱ्या बाईचे हात ओलेच असणार, हे त्यांना घरी आल्यावर सुचलं.

मग मोठ्या खोलीत ठाण्याचं कुटुंब आलं. नवरा, बायको, कॉलेजातली मुलगी आणि कापसाच्या गोळ्यासारखा एक पांढरा कुत्रा. प्रणयनं आईला बजावलं, "हे लोक रिव्ह्यू लिहितात. आता एकही भानगड नको."

सगुणाबाईंनी पेटीतून घुंगरं काढली, काळ्या दोऱ्यात ओवली आणि चारी पायांत बांधली. कल्पना साधी होती. पोरं कुठं आहेत ते कानाला कळेल. भानगड एकीकडं आणि घुंगरं दुसरीकडं असली की पोरं सुटली आणि चोर अडकला. अर्धा दिवस घरात नुसती छुमछुम. ठाण्याच्या बाईंना आधी ते "किती क्यूट" वाटलं, जेवणानंतर "जरा बंद होईल का" वाटलं.

दुपारी मोठ्या खोलीतून मुलीची किंकाळी आली. सगुणाबाईंनी कान दिला. घुंगरं मागच्या अंगणात वाजत होती! त्यांना इतका आनंद झाला, की त्या किंकाळीकडं न जाता आधी प्रणयला हाताला धरून ओढत मागं घेऊन गेल्या. "ऐक. ऐक आता. कुठं हायेत माझी पोरं?"

मागच्या अंगणात पांढरा कुत्रा तोंडात चार घुंगरवाळे धरून गोल गोल पळत होता.

पोरं मोठ्या खोलीत होती. पलंगाखाली. ठाण्याच्या मुलीची लिपस्टिक दोघांनी वाटून घेतली होती. निम्मी तोंडाला, निम्मी फरशीला. प्रणयनं आईकडं बघितलं. तो काही बोलला नाही, हे फार वाईट झालं. बोलला असता तर उत्तर देता आलं असतं. दयाराम दारात उभे होते. त्यांनी ओलं फडकं आणलं आणि गुडघ्यांवर बसून मुकाट्यानं फरशी पुसायला लागले.

"राहू द्या काका, कामाला कुणी मुलगा नाही का?" ठाण्याच्या बाई म्हणाल्या.

"आहे ना," दयाराम म्हणाले आणि पुसत राहिले.

सगुणाबाईंचा सगळा पुरावाच फुकट गेला. त्यानंतर त्या "कुणीतरी हाय" असं नुसतं पुटपुटल्या तरी नेत्रा आणि प्रणय एकमेकांकडं बघायची.

आणि मग खेकडा निघाला.

दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण झालं, ठाण्याचे साहेब मोठ्या खोलीत वामकुक्षीला गेले, उशीखाली हात घातला आणि असे ओरडले, की वाडीतले कावळे उठले. उशीखाली खेकडा. चांगला पंजाएवढा, काळा, जिवंत. बाई खुर्चीवर, मुलगी बाईंच्या मागं, कुत्रा पलंगाखाली. प्रणयनं टॉवेल टाकून खेकडा पकडला, बादलीत घातला, बादली स्वयंपाकघरात आपटली.

"कुणी ठेवला?"

"मी!" "मी!"

"बस," प्रणय म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "नेत्रा, भावाला फोन कर. उद्या सकाळी गाडी घेऊन ये म्हणावं. पोरं पनवेलला जातील."

"सीझन संपेपर्यंत ना?" सगुणाबाईंनी विचारलं.

"आई, सीझन कधी संपतो आता? नाताळ, मग सव्वीस जानेवारी, मग होळी, मग मे. तिथं शाळा आहे, आजी आहे. नेत्रा जाऊन येऊन करेल. इथं आपल्याला ती सांभाळता येत नाहीत. खरं ते बोलू या."

इथं आपल्याला, असं तो म्हणाला. पण बघत होता आईकडं. आणि नेत्राचे डोळे भरून आले तेव्हा सगुणाबाईंना कळलं, की सून यात नव्हती. आपण तिच्यावर उगीच डोळा ठेवला. त्यांना वाईटही वाटलं. पण वाईट वाटायला वेळ नव्हता. उद्या सकाळी गाडी येणार होती.

त्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. बादलीत खेकडा खरडत होता. जरा वेळ त्यांचं लक्षच नव्हतं. मग वाटलं, हा नुसता खरडतोय कसा? एवढा मोठा खेकडा, डेंगे उगारत का नाही? त्यांनी वाकून बघितलं.

दोन्ही डेंगे बांधलेले होते.

केळीच्या वाळक्या सोपाची दोरी, आधी एका डेंग्याला, मग पोटाखालून दुसऱ्याला, आणि पाठीवर गाठ. अडीच वर्षांच्या पोराला चड्डीची नाडी बांधता येत नाही. सगुणाबाईंनी खेकडा पाठीकडून उचलला, दारातल्या उजेडात धरला. खाडीवर खेकडे बांधणारी माणसं त्यांनी लहानपणापासून बघितलेली. सगळे उजवीकडून वेढा घेतात. हा वेढा डावीकडून होता, आणि गाठ मारून झाल्यावर दोरीचं टोक परत आत खोचलेलं होतं. नीट. कुणाला टोचू नये म्हणून.

अशी गाठ त्या रोज बघत होत्या. सुपारीच्या पोत्यांना. झावळ्यांच्या भाऱ्याला. कुंपणाच्या बांबूंना.

सगुणाबाई तशाच खेकडा हातात धरून बसल्या. अख्ख्या गावावर नजर ठेवली, सुनेवर ठेवली, शेजारणीवर ठेवली, आणि चोर रोज ताटाला ताट लावून जेवत होता. "घेऊ का गं?" विचारून.

दयाराम वाडीत सुपाऱ्या वेचत होते. सगुणाबाई समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि खेकडा त्यांच्या नाकासमोर धरला.

"ह्याला बांधला कशाला?"

दयारामांनी खेकड्याकडं बघितलं. मग बायकोकडं. मग पुन्हा खेकड्याकडं, जसं काही खेकडाच काही सांगेल.

"चावला असता पाहुण्याला," ते म्हणाले.

"अवो, उशीखाली खेकडा ठेवता आणि चावेल म्हणून भिता?"

"घाबरून जावं एवढंच होतं मनात. चावण्याचं काय काम."

"तारा?"

"व्हय."

"बंब?"

"तांब्याभरच ओतलं."

सगुणाबाई माडाच्या आळ्याच्या काठावर बसल्या. चाळीस वर्षांत या माणसाचा संशय आला नाही याची त्यांना आता इतकी लाज वाटत होती, की राग यायला जागाच नव्हती.

"का पण?"

दयाराम सुपारी हातात फिरवत राहिले. "मागच्या नाताळात माझी गोधडी राहिली होती खोलीत. आणायला गेलो. तिथं एक बाय म्हणाली, काका, नॉक करून येत जा ना. बरं म्हटलं. बाहेर आलो, दार वाजवलं, पुन्हा आत गेलो. तर म्हणाली, आलाच आहात तर टॉवेल बदला. बदलला मी. पलंगावर तिची पोरं चपला घालून उड्या मारत होती. बापानं केलेला पलंग. मी त्यावर जन्मलो, सगुणे."

"मग पोराला सांगायचं!"

"त्याचा धंदा हाय. त्यानं कष्टानं उभा केलाय. त्याला कसं सांगू, मला माझी खोली पायजे म्हणून?"

"म्हणून पोरांच्या नावावर घातलंत?"

"त्यांना कोण काय करणार होतं? सगळे हसतात त्यांच्यावर. मला वाटलं, पाहुणे जातील, पोरांना दोन चॉकलेटं मिळतील."

"पोरं जातायत. उद्या. पनवेलला. कायमची."

दयारामांच्या हातातली सुपारी खाली पडली. त्यांना हे माहीतच नव्हतं. खेकड्याची ओरड झाली तेव्हा ते मुद्दाम समुद्रावर निघून गेले होते.

"आत्ता जायचं आणि प्रणयला सांगायचं," सगुणाबाई म्हणाल्या.

"माझ्यानं व्हायचं न्हाय."

"मग मी सांगते."

"तुझं कोण ऐकेल?" दयाराम म्हणाले. वाईट मनानं नव्हे. नुसतं खरं होतं ते. सगुणाबाईंनी उद्या खरोखरच्या चोराला मनगटाला धरून आणलं असतं तरी लोक म्हणाले असते, बाई, आता ह्यांच्यावर संशय का?

गाडी सकाळी नाश्त्याच्या वेळेला आली. नेत्राचा भाऊ उतरला, डिकी उघडली. जुळी पहाटेपासून आईच्या हातात होती. न्हाऊ घालून, केस विंचरून, नवे कपडे घालून गाडीच्या मागच्या सीटवर बांधल्यासारखी बसवलेली. काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं. "भुर्र," विनेश म्हणत होता. प्राप्ती मात्र खिडकीतून हात काढून आजीला "आदी, ये. आदी, तू पण बस," असं सारखं म्हणत होती.

सगुणाबाई तिथं थांबल्या नाहीत. त्या आत जाऊन पाहुण्यांचा चहा करायला लागल्या.

मोठ्या खोलीच्या ट्रेसाठी तीन कप. साखरेचा डबा त्यांनी उघडला, चमचा हातात घेतला, आणि क्षणभर थांबल्या. पोरं गाडीत होती. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. घरातून बाहेर पडून अर्धा तास झाला होता. आत्ता, या क्षणाला, मोठ्या खोलीत काही झालं तर ते पोरांनी केलं असं प्रणयचा बाप आला तरी म्हणू शकणार नव्हता. आणि नवऱ्याचं नावही घ्यायला लागणार नव्हतं. सगुणाबाईंनी साखरेचा डबा बंद केला आणि मिठाची बरणी पुढं ओढली. मिठागरावरच्या लेकीनं मोजमाप केलं नाही. हात सैल सोडला.

ट्रे नेत्रानं नाही, प्रणयनं नाही, स्वतः सगुणाबाईंनी मोठ्या खोलीत नेऊन ठेवला. ठाण्याचं कुटुंब आवराआवर करत होतं. "थँक्यू मावशी," साहेब म्हणाले.

सगुणाबाई ओटीवर आल्या, खांबाला टेकल्या आणि वाट बघू लागल्या.

साहेबांनी कप उचलला नव्हता तेवढ्यात पडवीच्या दारातून दयाराम आले. काखेत उशी. अंगणात उभ्या असलेल्या पोराकडं, सुनेकडं, गाडीकडं त्यांनी बघितलं नाही. चपला बाहेर काढल्या, दार न वाजवता मोठ्या खोलीत शिरले, ठाण्याच्या बाईंच्या अर्धवट भरलेल्या बॅगा बाजूला सारल्या, शिसवी पलंगावर उशी टाकली आणि आडवे झाले.

"अहो काका!" बाई ओरडल्या.

प्रणय धावत आला. "बाबा! बाबा, काय करताय? बुकिंग आहे!"

"माझं हाय ते," दयाराम छताकडं बघत म्हणाले. ते उठले नाहीत. "तारा मी काढला. बंब मी विझवला. रिमोट मी टाकला. खेकडा मी ठेवला. पोरांना खाली उतरव."

प्रणय खाली बसला आणि बापाच्या पायाला हात लावून म्हणाला, "बाबा, कळतं मला. पोरांसाठी तुम्ही स्वतःवर घेताय. पण तुम्ही? तुम्ही विचारल्याशिवाय पंखा लावत नाही."

"मीच केलं."

"बरं, बरं. उठा आता."

"प्रणय, बाबांना बीपीची गोळी दिलीस का?" नेत्रानं दारातून विचारलं.

दयारामांनी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी केलं होतं आणि कुणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं. त्यांनी असहाय होऊन सगुणाबाईंकडं बघितलं. आणि नेमकं तेव्हा, वातावरण जरा निवावं म्हणून असेल, ठाण्याच्या साहेबांनी कप उचलून चहाचा मोठा घोट घेतला.

तो घोट ते गिळू शकले नाहीत. खिडकीतून बाहेर टाकला, खोकले, डोळ्यांत पाणी आलं. "मीठ!" ते म्हणाले. "अख्खं मीठ आहे यात!"

प्रणयनं अंगणात बघितलं. जुळी गाडीत बसलेली, मामाच्या नजरेखाली, काचेला नाकं चिकटवून. मग त्यानं पलंगावरच्या बापाकडं बघितलं. आता मात्र वेगळ्या नजरेनं.

"बाबा," तो हळू म्हणाला. "खरंच तुम्ही?"

दयारामांनी चहाच्या कपाकडं बघितलं. मीठ त्यांनी घातलं नव्हतं. घातलं कुणी, हा प्रश्न त्यांच्या डोळ्यांत उमटला, तो फिरत फिरत ओटीवरच्या खांबापाशी जाऊन थांबला. सगुणाबाई तेव्हा समोरच्या माडावर किती नारळ आहेत ते अगदी मन लावून बघत होत्या.

"व्हय," दयाराम म्हणाले. "तेही मीच."

प्रणय पलंगाच्या काठावर येऊन बसला. मग त्यानं विचारलं, "का?" आणि बापानं त्याला टॉवेलची गोष्ट सांगितली. पाहुणे समोर असताना, आडवे पडूनच. ठाण्याच्या बाईंनी सांगण्याच्या मध्यातच आपल्या बॅगा उचलल्या, आणि मुलीला खूण केली. चिडून नव्हे. परवा फरशी पुसणाऱ्या माणसाला आपण काय म्हणालो ते त्यांना आठवलं असावं. जाताना त्यांनी दाराबाहेर चपला घातल्या.

पोरं गाडीतून उतरवली गेली. नव्या कपड्यांत सरळ मोठ्या खोलीत पळाली आणि आजोबांच्या पोटावर चढली. प्रणयनं फोन काढून त्या खोलीची पुढची बुकिंग रद्द करायला सुरुवात केली. प्रत्येक फोनला "घरात थोडी अडचण आहे" म्हणत होता आणि प्रत्येक वेळी बापाकडं बघून मान हलवत होता. बायजा कुंपणावरून सगळं ऐकत होती. त्यानंतर तिला आलेल्या तीन फोनपैकी दोन प्रणयनं नाही म्हटलेल्या पाहुण्यांचेच होते.

संध्याकाळी सगुणाबाई चहा घेऊन मोठ्या खोलीत गेल्या. दयाराम पलंगावर बसून पश्चिमेची खिडकी उघडत होते, जुळी शेजारी उड्या मारत होती, चपला घालून.

"मीठ तू घातलंस," दयाराम म्हणाले.

"कसलं मीठ?"

"सकाळचं."

"तुम्हीच तर म्हणालात, तुम्ही घातलं. सगळ्यांसमोर."

दयारामांनी बायकोकडं बघितलं. चाळीस वर्षांत त्यांनी तिच्याकडं कधी असं बघितलं नव्हतं, आधी तोंडाकडं आणि मग सावकाश हातांकडं. मग कप नाकाशी नेला, हुंगला, विनेशला म्हणाले, "बाळा, आजीला सांग, आधी तिनं एक घोट घ्यावा."